लक्ष असेल, तर लवकर दिसेल!

धावचीतचं अपील झालं, की मैदानावरच्या पंचांची मोठी पंचाईत होते. बॅट रेषेपलीकडे आधी टेकली, की बेल्स आधी उडाल्या? पंच डोळ्यांत तेल घालून पाहत असतात. पण दोन ठिकाणी एकाच वेळी सारखंच लक्ष कसं देणार? आणि गंमत म्हणजे, जिकडे आपलं लक्ष असतं, तिकडची घटना आधी घडल्यासारखी वाटते! एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने हा नियम 1908 सालीच मांडला होता. कॅमेऱ्याची मात्र अशी फसगत होत नाही. 1992 साली डर्बनच्या कसोटीत टीव्हीवर पाहून निर्णय देणारा तिसरा पंच आला आणि त्याने पहिला धावचीत दिला, तो आपल्या सचिन तेंडुलकरला!

लक्ष दिल्याने किती फरक पडतो? अमेरिकेतील मायकेल पोस्नर यांनी ते मोजलं. 1980 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग अगदी साधा होता. नजर पडद्याच्या मधोमध रोखायची. तिथे बाण दिसला, की डोळे न हलवता नुसतं लक्ष त्या दिशेला न्यायचं. बाजूला प्रकाश चमकताच बटण दाबायचं. बाणाच्या दिशेला प्रकाश दिसला, तर बटण लवकर दाबलं जाई. उलट दिशेला दिसला, तर उशीर होई.

मग लक्षामुळे फक्त बोटच जलद चालतं का? नाही! मारिसा कारास्को आणि ब्रायन मॅकएलरी यांनी 2001 साली दाखवून दिलं, की डोळ्यांनी टिपलेलं ओळखण्याचं मेंदूचं कामही लक्षामुळे लवकर होतं.

आता तुम्हीच एक प्रयोग करा. मित्राला 30 सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा, शून्य खाली. तुमची बोटं शून्यापाशी ठेवा, पण पट्टीला लावू नका. त्याने पट्टी सोडताच पकडा. 20 सेंटिमीटरवर पकडलीत, तर तुम्हाला सुमारे 0.2 सेकंद लागले. मग शंभरातून सात-सात मोठ्याने वजा करत पुन्हा पकडा. दोन्ही प्रकारे पाच-पाच वेळा करून सरासरी काढा. दुसऱ्या वेळी पट्टी हातातून निसटली, तरी नवल नाही!

एवढ्याशा उशिराने काय बिघडतं? ताशी 36 किलोमीटर वेगाने येणारी स्कूटर सेकंदाला 10 मीटर धावते. म्हणजे 0.1 सेकंद उशीर झाला, तर ती एक मीटर जवळ आलेली असते. म्हणून रस्ता ओलांडताना गप्पा बंद, मोबाइल दप्तरात!

आणि आई-बाबा, गाडी चालवताना तुम्ही फोन कानाला लावत असाल, तर ही पट्टी एकदा तुम्हीही पकडून पाहा!