भाडं, प्रवास आणि शेजार

‘घर पाहावं बांधून’ असं आपण म्हणत आलो. ही म्हण ज्यांनी केली, त्यांच्याकडे बांधायला निदान जागा तरी असावी. आज आपल्यापैकी पुष्कळांची मुलं नोकरीसाठी परगावी जातात आणि त्यांना घर पाहावं लागतं ते भाड्यानं. तेही आठ दिवसांत, अनोळखी शहरात, दलालाच्या स्कूटरवर मागं बसून. अशा वेळी कुठं राहायचं हे कसं ठरवावं, याविषयी थोडं बोलायचं आहे. कवीनं हिशेब सांगावा याचं काहींना हसू येईल. पण घर बदलताना हिशेब आणि भावना इतक्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, की दोन्ही सांगणारा कुणीतरी हवाच.

पूर्वी हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सुटत असे. कोकणातून, घाटावरून माणूस मुंबईला गिरणीत लागला, की तो गावकीच्या खोलीत उतरे. एका खोलीत एकाच गावची माणसं. पाळी बदलली की झोपणारे बदलत. जेवण खानावळवाल्या बाईकडं. गिरणीचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर चाळ. जागा अपुरी होती, हाल पुष्कळ होते. पण प्रवास पायी होता आणि शेजार गावचाच होता. आता गिरण्या गेल्या, कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या ठिकाणी आल्या आणि परवडणारी घरं ठाण्याच्या, वसईच्या, पनवेलच्याही पुढं सरकली. भाडं, प्रवास आणि शेजार या तीन गोष्टी एका ठिकाणी मिळेनाशा झाल्या. एक धरली की दुसरी सुटते.

माझ्या पुतणीचंच उदाहरण देतो. मुलगी मिरजेची, बी.कॉम. झालेली. वांद्रे-कुर्ला संकुलात चाळीस हजार पगाराची नोकरी लागली. राहायचं कुठं? मुंब्र्याला आमचे नातेवाईक. तिथं एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली तर वाट्याला सात हजार भाडं येणार होतं. दुसरीकडं कुर्ल्यात दोन मुली तिसरी जोडीदार शोधत होत्या, तिथं वाटा चौदा हजार. घरातले सगळे म्हणाले, ‘‘यात विचार कसला करायचा? सात हजार वाचतात, शिवाय आपली माणसं जवळ.’’

मी तिला म्हटलं, ‘‘बेटा, भाडं एकटं धरू नकोस. भाडं आणि प्रवास मिळून काय होतं ते मांड.’’ मुंब्र्याहून रेल्वेचा पास, दोन्ही टोकांना रिक्षा, मिळून अडीच हजार. म्हणजे एकूण साडेनऊ हजार. कुर्ल्याहून जाण्यायेण्याला हजार, एकूण पंधरा हजार. म्हणजे खरी बचत सात हजारांची नाही, साडेपाच हजारांची.

आता वेळ. मुंब्र्याहून दारापासून दारापर्यंत दीड तास, कुर्ल्याहून अर्धा तास. जाऊन-येऊन रोजचा दोन तासांचा फरक. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पन्नास तास. म्हणजे साडेपाच हजार रुपयांसाठी ती पन्नास तास विकणार होती, तासाला एकशेदहा रुपये या दरानं. नोकरीत तिचा तास दोनशे रुपयांना जात होता. अकरा महिन्यांत हे तास साडेपाचशे होतात, म्हणजे जवळजवळ तेवीस अहोरात्र. असं मांडल्यावर घरातले गप्प झाले.

अर्थात, हा हिशेब सगळ्यांना सारखा लागू होत नाही. पगार वीस हजार असता, घरी दहा हजार पाठवायचे असते, तर कुर्ल्याचा प्रश्नच नव्हता. तिथं तास विकावेच लागतात आणि त्यात कमीपणा नाही. माझा अडाखा असा, की भाडं आणि प्रवास मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या चाळीस टक्क्यांत बसावं. ते बसत असेल, तर जवळचं घर घ्यावं. माणूस भाड्याला घाबरतो, कारण ते एकरकमी दिसतं. प्रवास रोज थोडा थोडा अंगावरून जातो म्हणून दिसत नाही. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या पाहणीच्या आधारे २००८ मध्ये हेच मांडलं. लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी आढळले. लांब राहून मिळालेलं स्वस्त घर किंवा जादा पगार ती कसर भरून काढत नव्हता.

आपल्याकडं तर प्रवासात जिवाचाही प्रश्न आहे. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ गर्दीनं भरलेल्या लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडले आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. म्हणून घर पाहायला रविवारी दुपारी जाऊ नये. रविवारी सगळीच शहरं शहाण्यासारखी वागतात. सोमवारी सकाळी आठला त्या घरापासून कचेरीपर्यंत जाऊन पाहावं आणि संध्याकाळी सातला परत यावं. गाडीत चढता येतं का, जलद गाडी थांबते का, गाडी त्याच स्थानकातून सुटते का, हे तेव्हाच कळतं. जिथून गाडी सुटते तिथं बसायला जागा मिळण्याची आशा असते, म्हणून कधी कधी थोडं लांबचं स्थानकही सोयीचं ठरतं. नव्या मेट्रोचीही चौकशी करावी. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली आणि तिनं वांद्रे-कुर्ला संकुलाकडं येणाऱ्या अनेकांची वाट बदलली. मात्र ‘पुढं इथं मेट्रो येणार आहे’ या वाक्यावर भाडं देऊ नये.

आता शेजार. अरबीत एक म्हण आहे, ‘अल-जार कब्ल अद-दार’. आधी शेजारी, मग घर. उर्दूत शेजाऱ्याला हमसाया म्हणतात, म्हणजे एकाच सावलीतला. शेजारात पाहायचं काय? पाणी किती वाजता येतं? रात्री दहाला स्थानकापासून घरापर्यंतचा रस्ता जागा असतो का? दवाखाना, किराणा, पोळीभाजी केंद्र किती लांब? आणि पावसात पाणी कुठवर चढतं? हा प्रश्न दलालाला नव्हे, कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारावा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीकाठच्या कुर्ला-कलिना भागात पाणी कुठवर आलं होतं, हे जुने दुकानदार भिंतीवर हात ठेवून सांगतात.

पण शेजाराची आणखी एक बाजू आहे आणि ती टाळून हा विषय पुरा होत नाही. कुर्ल्याआधी पुतणीनं चेंबूरला एक घर पाहिलं होतं. भाडं बरं, रस्ता चांगला, मालकीणबाई बोलायला गोड. अनामत रक्कमही ठरली. मग करारासाठी पूर्ण नाव विचारलं आणि संध्याकाळी निरोप आला, ‘‘आमच्याकडं पाहुणे यायचेत.’’ ती मला फोनवर म्हणाली, ‘‘चाचा, त्यांचे पाहुणे माझं नाव ऐकूनच निघाले वाटतं.’’ हसत म्हणाली, पण मला हसता आलं नाही. अशी उत्तरं एकट्या राहणाऱ्या मुलींना मिळतात, मासे-मटण खाणाऱ्यांना मिळतात, दलितांना मिळतात. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला गेली, ती काही भाड्याचा आणि प्रवासाचा हिशेब मांडून गेली नव्हती. आपल्या माणसांत राहण्याचा आधार मोठा असतो, मी तो नाकारत नाही. पण तो आपण निवडलेला असावा. दुसरी दारं बंद झाली म्हणून उरलेला नसावा.

कायदा इथं फारसा हाताला लागत नाही. घटनेचं पंधरावं कलम प्रामुख्यानं शासनाला भेदभावापासून रोखतं. खासगी मालकाच्या उंबऱ्यापर्यंत ते सहज पोचत नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेनं सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये तो नियम वैध ठरवला. म्हणून मुलांना मी व्यवहाराचा सल्ला देतो. पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांगा. निदान रिक्षाचं भाडं आणि मनाचा त्रास वाचतो.

करार मात्र नीट करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो, अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते आणि ती ऑनलाइनही होते. अनामत किती, परत कधी, सोडताना नोटीस किती दिवसांची, देखभाल खर्च कुणाचा, हे सारं कागदावर हवं. नोंदवलेला करार भाडेकरूइतकाच मालकालाही उपयोगी पडतो.

पुतणी कुर्ल्यात राहिली. जोडीदारणींतली एक नांदेडची, दुसरी रत्नागिरीची. संध्याकाळी वाचलेल्या वेळात ती पुढची परीक्षा देते आहे. तिनं वापरलेला क्रम सोपा होता. आधी पैशाची मर्यादा, मग त्या मर्यादेत बसणारा प्रवास आणि त्यातून उरलेल्या घरांत शेजार.

तुमच्यापैकी काहींकडं भाड्यानं द्यायला घर असेल. येणाऱ्या मुलाला नोकरी कुठं, पगार किती, आधीच्या घरी भाडं वेळेवर दिलं का, हे जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. फक्त ही उत्तरं समाधानकारक मिळाल्यावर, आडनाव ऐकून पाहुण्यांना बोलावू नका.