फार्मिंग्टनच्या पोराची करामत

कडाक्याच्या थंडीत आधी कान का बधिर होतात? बाह्यकर्ण म्हणजे पातळ कातडीखाली कूर्चेचा एक पापुद्रा. त्यात चरबी जवळजवळ नाही, ऊब देणारे मोठे स्नायू नाहीत, आणि वारा दोन्ही बाजूंनी झोंबतो. त्यातच पारा उतरला की शरीर हातपाय, नाक, कान यांचा रक्तपुरवठा कमी करतं, कारण हृदय आणि मेंदू उबदार राखायचे असतात. कान बिचारे उघड्यावर पडतात.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात, फार्मिंग्टन नावाच्या शेतीवाडीच्या गावात हा त्रास एका पोराला भारी सोसावा लागत होता. चेस्टर ग्रीनवुड त्याचं नाव, जन्म 1858 चा. घरच्या कोंबड्यांची अंडी घेऊन हा मुलगा दारोदार विकत फिरायचा. पंधराव्या वर्षी, 1873 मध्ये, गोठलेल्या पाण्यावर स्केटिंग करायला गेला आणि कान धरून परतला. लोकरीचा रुमाल गुंडाळावा, तर लोकरीने त्याला खाज सुटायची. म्हणून त्याने तारेची दोन वेटोळी वाकवली आणि आजीला म्हणाला, यावर फर आणि मखमल शिवून दे. आजीने दिली शिवून! गावात ही हकिगत अशीच सांगतात.

कान झाकायची साधनं त्याच्या आधीही होती. मला खरं नवल वाटतं ते पुढच्या तीन-चार वर्षांचं. काम भागलं म्हणून हा पोरगा थांबला नाही. तार ढिली पडते, कानावरचे गोळे फडफडतात, हे त्याला खटकत राहिलं. मग त्याने तारेऐवजी पोलादाची चपटी पट्टी घेतली. स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी वाकवून ताणली की ती मूळ आकारात परत यायला धडपडते. डोक्यावर चढवताना ती फाकते आणि त्याच ओढीने दोन्ही गोळे कानांवर दाबून धरते. ना गाठ, ना बंद. शिवाय प्रत्येक गोळ्याला त्याने बिजागरी बसवली. माणसामाणसाचे कान वेगळे, पण गोळा जरासा वळून ज्याच्या त्याच्या कानावर नेमका बसतो. काढल्यावर हे सगळं घडी करून खिशातही जातं. आज आपण डोक्यावर चढवतो त्या हेडफोनची पट्टीसुद्धा याच तत्त्वावर चालते.

13 मार्च 1877 रोजी त्याला या कानपट्ट्यांचं पेटंट मिळालं, क्रमांक 188,292. वय होतं अठरा! हे वाचताना मी दोनदा वजाबाकी करून पाहिली.

पुढे त्याने गावातच कारखाना काढला. 1883 मध्ये तिथून वर्षाला 30,000 जोड बाहेर पडत होते, 1936 मध्ये चार लाख. शेतीवर जगणाऱ्या गावाला हिवाळ्याच्याच जिवावर रोजगार मिळाला, ही गोष्ट मला पेटंटहून मोठी वाटते. पानं गोळा करायचं पोलादी दातांचं दाताळंही त्याने सुधारून दिलं. 1937 मध्ये तो वारला.

1977 मध्ये मेनच्या विधिमंडळाने त्याच्या नावाने दिवस जाहीर केला. फार्मिंग्टनमध्ये दर डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मिरवणूक निघते आणि तीत माणसांबरोबर गाड्यांनाही कानपट्ट्या चढवतात.