प्रवाहाविरुद्ध: स्तावार ह्यांचे नियतकालिक

दोन महायुद्धांमधील पोलंडमध्ये साम्यवादी पक्षावर बंदी होती. १९२६ साली पिलसुद्स्की ह्यांनी लष्कराच्या बळावर सत्ता हस्तगत केल्यावर त्या पक्षाला वाङ्मयाची वाट विशेष मोलाची वाटू लागली. डिसेंबर १९२९ मध्ये वॉर्सात निघालेले 'मिएशेंच्निक लितेरात्स्की' हे मासिक ह्या गरजेतूनच जन्मास आले. अलेक्सांदर वात हे त्याचे संपादक होते. वीस अंक निघाल्यावर, १९३१ साली, पोलिसांनी वात व कवी ब्रोन्येव्स्की ह्यांना अटक केली आणि मासिक बंद पडले.

ह्याच मासिकाचे एक प्रमुख समीक्षक आंद्झेय स्तावार पुढे पक्षापासून दूर झाले. मार्क्सवादापासून मात्र नव्हे. त्यांनी चौथ्या दशकाच्या मध्यास काढलेल्या छोटेखानी नियतकालिकाचे नाव 'पोद प्रोंद', म्हणजे 'प्रवाहाविरुद्ध', असे होते. ते नाव सार्थ होते. एकीकडे सरकार आणि दुसरीकडे मॉस्कोनिष्ठ पक्ष, अशा दोन्ही प्रवाहांना त्याने विरोध केला. लुई बोनापार्तच्या राजवटीचा अर्थ लावताना मार्क्सने जी दृष्टी वापरली, तिचाच आधार घेऊन स्तावार ह्यांनी सोव्हिएत नोकरशाहीची चिकित्सा केली. श्रमिकांच्या नावाने चालणारी सत्ता श्रमिकांच्याच डोक्यावर कशी बसते, हा त्यांचा प्रश्न होता. शत्रूच्या शस्त्राने केलेला घाव परतविता येतो; पण आपल्याच तत्त्वाचे माप लावून कोणी हिशेब मागितला, तर त्याला उत्तर देणे कठीण जाते.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हता. १९३८ साली कॉमिंटर्नने पोलिश पक्षच बरखास्त केला. त्याआधीच स्तांदे व हेम्पेल हे साम्यवादी लेखक सोव्हिएत भूमीवर मृत्युदंडास बळी पडले होते. १९५६ मध्ये ती बरखास्ती निराधार असल्याचे जाहीर करण्यात आले. मृतांना मात्र त्याचा काय उपयोग? स्तावार १९६१ साली फ्रान्समध्ये निधन पावले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या पोलिश प्रकाशनसंस्थेने त्यांचे अखेरचे लेखन ग्रंथरूपात आणले.

वाचकसंख्येवरून अशा पत्राचे मोल ठरविणे चुकीचे होईल. निष्ठा आणि चिकित्सा ह्या एकाच लेखणीत नांदू शकतात, हे त्याने दाखवून दिले. आणि समीक्षेच्या इतिहासात एवढी साक्षही थोडकी नव्हे.