पदवी ते वकिली : लेखांक ४ – कला शाखेची शिदोरी

कायद्याच्या शिक्षणाचे दोन मार्ग, म्हणजे बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आणि पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम, यांतील भेद मागील लेखांकात पाहिला. सांगलीच्या विलिंग्डन किंवा साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयातून बी.ए. होऊन साताऱ्याच्याच इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालयाकडे वळू पाहणारा विद्यार्थी दुसऱ्या मार्गाचा असतो. या मार्गावर पदवीच्या विषयाचे बंधन नसते, आणि नेमकी हीच मोकळीक त्याला गोंधळात पाडते.

या संदर्भात प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचे शिक्षण विचारात घेण्याजोगे आहे. १९०१ मध्ये साताऱ्यात जन्मलेल्या आणि १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश राहिलेल्या गजेंद्रगडकरांनी धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिक्षण घेऊन १९२४ मध्ये एम.ए. आणि १९२६ मध्ये एलएल.बी. ही पदवी मिळवली. संस्कृतच्या व्यासंगातूनच त्यांनी पुढे नंदपंडिताच्या ‘दत्तकमीमांसा’ या दत्तकविधानावरील ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. मीमांसा म्हणजे वैदिक वचनांचा अर्थ कसा लावावा हे सांगणारे शास्त्र. त्यात श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी सहा प्रमाणे मानली असून, परस्परविरोध आल्यास आधीचे प्रमाण नंतरच्यापेक्षा बलवान ठरते. श्रुती म्हणजे प्रत्यक्ष शब्द आणि प्रकरण म्हणजे संदर्भ, तेव्हा शब्द स्पष्ट असताना संदर्भाच्या आधाराने त्याला वाकवता येत नाही. कायद्याच्या कलमाचा अर्थ लावताना न्यायालये ज्या शिस्तीने चालतात, तिच्याशी याचे नाते सहज ओळखता येते. संस्कृतच घ्यावे, असा याचा अर्थ नव्हे. विषय कोणताही असो, मूळ ग्रंथ शब्दाशब्दाने वाचण्याची सवय लागली पाहिजे, आणि ती मार्गदर्शिकांच्या वाचनाने लागत नाही.

राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, कायदेविषयक कल, सामान्यज्ञान, तर्क आणि इंग्रजी यांवर प्रश्न असतात. त्यांची तयारी काही महिन्यांत होऊ शकते. भाषेचे तसे नाही. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांचे कामकाज मराठीत चालू शकते, तर राज्यघटनेच्या ३४८व्या अनुच्छेदानुसार उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. दावा, कैफियत (म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर), मनाई हुकूम, वहिवाट हे शब्द ज्याच्या अंगवळणी पडले आहेत, त्यालाही वरच्या न्यायालयाचा निकाल इंग्रजीतूनच वाचावा लागतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मोडी लिपी शिकून घेतली, तर जमिनीच्या वादांत पुढे येणारे जुने दस्त वाचण्याची एक दुर्मीळ क्षमता त्याच्या हाती येते. न्यायाधीश होण्याची आकांक्षा असणाऱ्याने मात्र वर्षांचा हिशेब आधीच मांडावा, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधील निर्णयानंतर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे.