आधी द्रावण, मग भट्टी

थोरियम डायऑक्साइड 3300 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले तरी वितळत नाही. असले सिरॅमिक ओतून घडवता येत नाही. भुकटी दाबायची आणि भाजायची. त्यात दुसरे ऑक्साइड मिसळायचे असेल तर अडचण वाढते. भुकट्या कितीही दळल्या तरी एकेका कणात कोट्यवधी अणू राहतात, आणि घनातून अणू सरकायला प्रखर आच व पुष्कळ वेळ लागतो. पाण्यात विरघळलेले क्षार मात्र मुळातच एकजीव झालेले असतात. ती सरमिसळ न मोडता द्रावणाचे घन करणे, हेच खरे कसब. घन पाडायला अमोनिया लागतो, पण तो बाहेरून ओतला तर पडेल तिथे आधी साका धरतो.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अणुइंधनाच्या अशा सिरॅमिकसाठी सोल-जेल पद्धत विकसित झाली. थोरियम किंवा युरेनियमच्या नायट्रेट द्रावणात युरिया आणि हेक्झामाइन घालून ते शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवतात. ऊब लागली तर ते नळीतच गोठेल. मग त्याचे थेंब सुमारे 90 अंश तापलेल्या सिलिकॉन तेलात सोडतात. उष्णतेने हेक्झामाइन फुटते, अमोनिया थेंबाच्या आतच सगळीकडे एकदम सुटतो आणि थेंबाचा साबुदाण्यासारखा मणी होतो.

पुढची पायरी साधी दिसते, पण यश तिच्यावरच ठरते. तेल काढल्यावर मणी अमोनियाच्या पाण्याने धुतात. आत अमोनियम नायट्रेट आणि युरिया राहिले, तर भाजताना त्यांचा वायू होऊन मणी तडकतो. धुतलेले मणी वाळवून भाजतात. युरेनियमच्या मण्यांना त्यानंतर हायड्रोजनमध्येही तापवावे लागते.

एवढा खटाटोप थोरियमसाठी सार्थ आहे. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटमुळे भारताकडे त्याचा मोठा साठा आहे. थोरियमपासून अणुभट्टीत युरेनियम-233 बनते. सोबत थोडे युरेनियम-232 येतेच. त्याच्या क्षय-साखळीतले थॅलियम-208 अतिभेदक गॅमा किरण सोडते, म्हणून सारे काम जाड भिंतींआडून, दुरूनच करावे लागते. तिथे उडणारी, चिकटणारी भुकटी नकोशी. द्रावण पंपाने वाहते आणि मणी नळीतून घरंगळतात.

द्रावणापासून सिरॅमिकपर्यंत याहून झटपट वाटही आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जे. जे. किंग्स्ली आणि के. सी. पाटील यांनी ती 1988 मध्ये प्रसिद्ध केली. ॲल्युमिनियम नायट्रेट आणि युरियाचे द्रावण त्यांनी 500 अंशांच्या भट्टीत ठेवले. ते उकळले, फसफसले, पेटले आणि पाचेक मिनिटांत पांढरा, फेसाळ अल्फा ॲल्युमिना हाती आला. एरवी त्यासाठी हजार अंशांच्या बरेच वर जावे लागते. इथे उरलेली आच मिश्रणाने स्वतःच पुरवली.

मण्यांच्या पद्धतीची किंमत धुण्याच्या पाण्यात मोजावी लागते. ते किरणोत्सारी असते, भरपूर निघते आणि त्याच्यावर वेगळी प्रक्रिया करावी लागते. भुकटीचा मार्गही सुटलेला नाही: हैदराबादच्या अणुइंधन संकुलात युरेनियमच्या इंधनगोळ्या भुकटीच्याच मार्गाने तयार होतात.