परक्या गांवांत बांधलेली वेस

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरचीं मुलें विद्यार्जनासाठीं अथवा नोकरीनिमित्त परदेशीं जातात. त्यांना पोंचविण्यास मुंबईच्या विमानतळावर जाण्याचा प्रसंगही पुष्कळांवर आला असेल. तेथें सरकारी अधिकारी भेटण्यापूर्वींच विमान कंपनीचा कारकून पासपोर्ट व व्हिसा निरखून पाहतो, आणि कागदांत उणें दिसल्यास उतारूस विमानांत चढूं देत नाहीं. हा कारकून इतका दक्ष कां? योग्य कागदांवांचून उतारू नेल्यास दंड कंपनीस होतो म्हणून. ब्रिटननें असा कायदा १९८७ सालीं केला. इतर अनेक श्रीमंत देशांचेही तसेच नियम आहेत. म्हणजे लंडनची वेस लंडनास नसून आपल्या मुंबईंतच उभी असते!

ज्याच्या हातीं कागद आहेत त्यास ही वेस जाचत नाहीं. परंतु जो जीव वांचविण्यासाठीं पळाला, त्यास कागद कोण देणार? अशांसाठींच १९५१ सालीं निर्वासितांविषयीं आंतरराष्ट्रीय करार झाला. जेथें जिवाचें अथवा स्वातंत्र्याचें भय आहे तेथें निर्वासितास परत लोटूं नये, असें त्याचें तेहतिसावें कलम सांगतें. दारीं आलेल्यास लोटतां येत नाहीं. तेव्हां त्यानें दारीं येऊंच नये, अशी युक्ति धनवान राष्ट्रांनीं शोधली. ती कशी, हें इटलीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

६ मे २००९ रोजीं लाम्पेदुसा बेटाच्या दक्षिणेस ३५ सागरी मैलांवर सुमारें २०० माणसांनीं भरलेल्या तीन होड्या इटलीच्या नौकांनीं अडविल्या. त्या माणसांना नौकांवर घेतलें, आणि कोण, कोठून, कां आलें याची चौकशी न करतां लिबियांत त्रिपोली बंदरीं नेऊन सोडलें. त्यांपैकीं सोमालिया व इरिट्रिया येथील २४ जणांनीं युरोपीय मानवाधिकार न्यायालयाकडे दाद मागितली. २३ फेब्रुवारी २०१२ रोजीं न्यायालयानें एकमतानें निर्णय दिला कीं, इटलीच्या नौकेवर चढतांच हीं माणसें इटलीच्या अधिकाराखालीं आलीं, म्हणून त्यांना परत लोटणें बेकायदेशीर होय.

यावर इटलीनें काय करावें? २ फेब्रुवारी २०१७ रोजीं तिनें लिबियाशीं करार केला. लिबियाच्या तटरक्षकांस गस्तीच्या नौका, शिक्षण व द्रव्य मिळालें. युरोपीय संघानेंही हातभार लावला. आतां होड्या अडविणारे हात लिबियाचे. इटलीच्या नौकेस कोणाचें पाऊलच लागत नाहीं! परत नेलेल्यांस बंदिखान्यांत कोंडतात. तेथें मानवतेविरुद्ध गुन्हे घडल्याचें मानण्यास सबळ कारण आहे, असा अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी मंडळानें २०२३ सालीं दिला. लिबियानें तर १९५१ चा करार स्वीकारलेलाही नाहीं.

इटली एकटी नव्हे. ऑस्ट्रेलियानें २००१ सालीं, आणि मध्यंतरीच्या खंडानंतर पुनः २०१२ सालीं, होड्यांतून आलेल्यांस नाउरू व पापुआ न्यू गिनीचें मानुस बेट येथें धाडलें. मानुसवरील स्थानबद्धता पापुआ न्यू गिनीच्याच सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं घटनाविरोधी ठरविली.

आपल्या घरांत कोणास घ्यावें हें ठरविण्याचा राष्ट्राचा हक्क आम्ही नाकारीत नाहीं. गृहस्थ रात्रीं दारास कडी घालतो, त्यांत अधर्म नाहीं. परंतु आर्ताची हांक कानीं पडूं नये म्हणून दूरच्या वाटेवर पैसे देऊन माणसें बसवावयाचीं, आणि त्यांनीं केलेल्या मारहाणीचा दोष आपणांस लागत नाहीं म्हणावयाचें, यास गृहस्थधर्म म्हणत नाहींत. दुसऱ्याकडून करविलेलें कर्म हेंही कर्त्याचेंच कर्म होय.

शिबिराजाची कथा आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. ससाण्याच्या भयानें कपोत राजाच्या मांडीवर येऊन बसला आणि राजानें त्याच्याकरितां स्वतःचें मांस तोलून दिलें. इतका त्याग आजच्या राष्ट्रांकडून कोणी मागत नाहीं. पण कपोतानें मांडीपर्यंत पोंचूं नये म्हणून ससाण्यासच वेतन द्यावें, हें मात्र कोणत्याही शास्त्रांत बसत नाहीं.