न्यायासनाच्या छायेतील मिशनकार्य

इसवी सन १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन धर्मोपदेशक मुंबई बंदरात उतरले, तेव्हा त्यांच्यापाशी राहण्याचा परवाना नव्हता, आणि इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध जुंपलेले असल्यामुळे शत्रुराष्ट्राची प्रजा म्हणून सरकारदरबारी त्यांच्याकडे पाहिले जात होते. त्यांना परत धाडण्याचे हुकूम सुटले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे स्वतः बायबल सोसायटीचे हितचिंतक, परंतु वरिष्ठांच्या आज्ञेपुढे त्यांचाही नाइलाज होता. तेव्हा या दोघा तरुणांनी त्यांना जो अखेरचा अर्ज लिहिला, त्यात सवलतीची याचना थोडी आणि परलोकाचे स्मरण फार होते; गव्हर्नरसाहेब आणि अर्जदार अशा दोघांनाही एक दिवस ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभे राहावयाचे आहे, याची त्यांनी निःसंकोच जाणीव करून दिली. कंपनीच्या कारकुनांनी नाना तऱ्हेचे अर्ज दप्तरी दाखल केले असतील. पण प्रतिपक्षाला थेट अंतिम न्यायालयाची तारीख देणारा अर्ज त्यांच्या हाती क्वचितच पडला असेल. हद्दपारी लांबणीवर पडली, त्याच वर्षीच्या नव्या सनदेने मिशनऱ्यांना दार किलकिले झाले, आणि अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत मूळ धरले.

आपल्याकडे मिशनचा इतिहास लिहावयाचा म्हणजे शाळा, छापखाने, दवाखाने आणि धर्मांतरे एवढ्या खात्यांची बेरीज-वजाबाकी करावयाची, असा प्रघात पडून गेला आहे. ही माणसे कोणत्या काळाच्या कल्पनेने झपाटलेली होती, हा प्रश्न त्या हिशेबात राहूनच जातो. ज्या समाजाच्या पंचांगात एकट्या कलियुगाचीच ४,३२,००० वर्षे मांडलेली आहेत, त्याला हा उतावीळपणा चमत्कारिक वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात राज्याची सुवार्ता सर्व राष्ट्रांना कळविली जाईल आणि मग शेवट होईल, असा जो क्रम सांगितला आहे, त्याने एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनकार्याला जी गती दिली, ती साम्राज्याच्या आश्रयाने किंवा व्यापाराच्या सोयीने दिलेल्या गतीहून कमी नव्हती असे माझे मत आहे.

हॉलच्या पिढीची श्रद्धा आशावादी होती. जोनाथन एडवर्ड्‌स आणि सॅम्युएल हॉपकिन्स या न्यू इंग्लंडच्या धर्मशास्त्र्यांनी अशी शिकवण दिली होती, की सुवार्तेच्या प्रसाराने जग हळूहळू सुधारत जाऊन प्रकटीकरणातील हजार वर्षांचे राज्य इथेच, इतिहासाच्या ओघातच अवतरेल आणि प्रभूचे दुसरे येणे त्यानंतर होईल. या श्रद्धेला अंकगणिताची जोड द्यावयाचे काम मुंबईत झाले. हॉल आणि त्याचा सहकारी सॅम्युएल न्यूएल यांनी मिळून लिहिलेले आणि १८१८ साली अमेरिकेत छापलेले एक पुस्तक आहे. त्याचा हिशेब असा, की साठ कोटी लोकांना सुवार्ता अद्याप पोचलेली नाही, दर वीस हजारांमागे एक याप्रमाणे तीस हजार मिशनरी लागतील, आणि ख्रिस्ती जगाने मनावर घेतले तर एकवीस वर्षांत हे काम उरकेल. हा ताळेबंद मांडणाऱ्यांपैकी न्यूएल १८२१ साली मुंबईतच पटकीने गेला. हॉलचे १८२६ साली तेच झाले. तो नाशिककडे पुस्तके वाटीत आणि उपदेश करीत गेला, तिथे पटकीची साथ चालू होती. परतीच्या वाटेवर धोडी दापूर या गावी देवळाच्या ओसरीत त्याने मुक्काम केला, पहाटे निघावयाच्या वेळी दुखण्याने त्याला गाठले, आणि २० मार्चला काही तासांतच त्याचा अंत झाला. बरोबरच्या दोन तरुणांनी खड्डा खणून, पेटीवाचूनच, त्याला मूठमाती दिली. वय अवघे एकेचाळीस. नवा करार मराठीत छापून पुरा झाला तो याच वर्षी.

अशा श्रद्धेचा एक गुण असा, की ती माणसाला बांधकामाला लावते. जग सुधारून दाखवावयाचे असल्यामुळे शाळा हव्यात, छापखाना हवा, नियतकालिक हवे. १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ निघाले, ते याच वृत्तीचे फळ. पण १८४४ च्या २२ ऑक्टोबरला अमेरिकेत एक निराळेच प्रकरण घडले. विल्यम मिलर या शेतकरी उपदेशकाने दानिएलाच्या ग्रंथातील २३०० दिवसांची वर्षे करून जे गणित मांडले होते, त्यावरून त्याच्या अनुयायांनी तो दिवस ख्रिस्ताच्या आगमनाचा ठरविला, कित्येकांनी त्या भरवशावर शेतातली पिकेही कापली नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीप्रमाणे उगवला. तारखा मुक्रर करण्याच्या छंदाची यापेक्षा जास्त चर्चा करण्याची गरज नाही. तो पुन्हा पुन्हा उद्भवतो आणि तितक्याच वेळा फसतो.

विशेष हे, की मिलरच्या फजितीने आगमनाची अपेक्षा मेली नाही. ती उलट्या क्रमाने बळावली. जग सुधारणार नाही, बिघडतच जाणार, आणि प्रभू हजार वर्षांच्या राज्यापूर्वीच येईल, या मताचा शतकाच्या उत्तरार्धात मोठा प्रसार झाला. चीन इनलँड मिशनचा संस्थापक हडसन टेलर याच मताचा. त्याने १८८९ साली असा हिशेब केला, की एक हजार प्रचारकांनी रोज पन्नास कुटुंबांना सुवार्ता सांगितली तर चीनच्या पंचवीस कोटींना ती हजार दिवसांत पोचते. त्याच पक्षाच्या आर्थर पिअर्सन याने तर १९०० ही मुदतच घालून दिली होती. सिद्धान्त हॉलच्या अगदी विरुद्ध असला, तरी त्रैराशिक तेच! आल्बर्ट सिम्पसनच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे लोक अकोल्यासह वऱ्हाडात येऊन राहिले, तेही याच घाईने. या पक्षाच्या तर्काप्रमाणे बुडत्या जहाजाची रंगरंगोटी करण्यात अर्थ नव्हता. शाळा, दवाखाने, उद्योगशिक्षण यांना दुय्यम लेखून केवळ साक्ष देत फिरणे हेच कर्तव्य ठरत होते. आणि इथेच प्रत्यक्ष व्यवहाराने तर्काचा पराभव केलेला दिसतो.

त्याचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्याजवळच्या केडगावचे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, तेथून उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि पुढच्या दुष्काळात ही संख्या इतकी वाढली की त्यांचे केडगावचे मुक्तिसदन हे एक लहानसे गावच झाले. १९०५ च्या जूनमध्ये तिथे प्रार्थनेची आणि पश्चात्तापाची जी लाट उसळली, तिची हकीकत रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ साली पुस्तकरूपाने लिहिली. ते पुस्तक दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत पोचून तेथील पेंटेकॉस्टल चळवळीचे एक निमित्त झाले. या मंडळींच्या दृष्टीने ही लाट म्हणजे वचनात सांगितलेला वळवाचा पाऊस, पीक कापणीला आल्याची खूण. घरधनी दाराशी आला आहे, अशी ज्यांची खात्री होती, त्यांच्या त्या अंगणात रोज काय चालले होते? मुली विणकाम शिकत होत्या, शेती करीत होत्या, छापखान्यात खिळे जुळवीत होत्या. आणि रमाबाई चाळिशी उलटल्यानंतर हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून, साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवीत होत्या. हे काम कित्येक वर्षे चालले. मृत्यूपूर्वी (५ एप्रिल १९२२) त्यांनी ते तडीस नेले, आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. शेवट जवळ आल्याची भाषा ज्या घरात चालत होती, त्याच घरात हे सर्वांत संथ काम पार पडले. मला यात विसंगती वाटत नाही. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात न्यायासनावर बसलेला राजा कोणी किती अचूक गणित केले हे विचारीत नाही. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, बंदिवानाला भेट, एवढीच त्याची चौकशी आहे, आणि केडगावच्या दिनक्रमात त्या चौकशीचे उत्तर शब्दशः मिळते.

शेवटाची अपेक्षा आणि रोजचे काम यांची ही सांगड युरोपातील धर्मशास्त्राला उमगावयास दोन महायुद्धे लागली. १९१० च्या एडिंबरो येथील मिशन परिषदेत जॉन मॉट यांच्या अध्यक्षतेखाली जगज्जयाची जी उमेद व्यक्त झाली, ती चार वर्षांतच ख्रिस्ती राष्ट्रांनी एकमेकांवर डागलेल्या तोफांनी पार खिळखिळी केली. पुढे धर्मशास्त्री ऑस्कर कुलमन यांनी १९४६ साली मांडले, की निर्णायक लढाई ख्रिस्ताच्या पुनरुत्थानात जिंकली गेली असून विजयदिन मात्र अजून यावयाचा आहे, आणि मधल्या मुदतीला अर्थ येतो तो मिशनकार्यानेच. ही उपमा ताज्या युद्धातली असल्यामुळे त्या पिढीला चटकन पटली. तिची लष्करी धाटणी आज थोडी खुपते.

आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मात्र वेगळी वाट काढली होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला; बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे शिष्य त्यात एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. राज्य यावयाचे ते ढगांवरून नंतर येवो, त्याची बैठक आजच भरवावी, असा त्याचा सरळ अर्थ होतो. १९१९ साली टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. बाप्तिस्म्यावाचून शिष्यत्व कितपत खरे, आणि न्यायाच्या दिवशी मेंढरे व शेरडे निवडताना चर्चची नोंदवही उघडली जाईल की नाही, हा त्यांनी उभा केलेला वाद मराठी मंडळ्यांत अजून मिटलेला नाही.